भाडं चौदा हजार, खर्च एकवीस : पुण्यात घर शोधण्याचं एक प्रकरण

माझी धाकटी बहीण नर्स आहे. सोलापुरात अकरा वर्षं काम केल्यावर तिला पुण्यात शिवाजीनगरला नोकरी मिळाली. २ जून २०२५ ला रुजू व्हायचं होतं. मेहुणे सीएनसी मशीनवर काम करतात, त्यांचं भोसरी एमआयडीसीत जमलं. पाचवीत जाणारी भाची आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई धरून चौघांचं बिऱ्हाड. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ६२,०००. सोलापुरात जुळे सोलापूर भागात ते ७,५०० रुपये भाडं भरत होते. पुण्यात १८,००० च्या वर जायचं नाही आणि डिपॉझिट ५०,००० च्या आत, असं दोघांनी बसून ठरवलं. भाचीची शाळा १६ जूनला सुरू होणार होती, म्हणजे मे संपायच्या आत सामान हलवणं भाग होतं.

मी पुण्यात पंधरा वर्षं राहतोय. "दादा, तू बघून ठेव, आम्ही दोन दिवस येऊन फायनल करतो," असं बहीण फोनवर म्हणाली. मी ॲपवर बसलो, १८,००० ची मर्यादा घातली आणि भाडं कमीकडून जास्तीकडे लावून यादी काढली. चार आठवड्यांत आम्ही सतरा घरं आतून पाहिली. त्यातली बरीचशी त्या यादीमुळेच फुकट गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पगार ठरलेला आणि हाताशी दिवस मोजके, अशा अवस्थेत दर उन्हाळ्यात कितीतरी घरं गावाकडून पुण्यात येतात. त्यांच्यापैकी कोणाचा एखादा रविवार वाचला तरी पुरे.

धायरीचं घर

यादीत सगळ्यात वर धायरीचा टू बीएचके होता. भाडं १४,०००, मेंटेनन्स २,००० वेगळा. नवी इमारत, लिफ्ट, पार्किंग, दोन बाल्कन्या, एकीतून सिंहगड दिसतो. मला घर बघताक्षणी आवडलं. इतक्या पैशांत आतल्या भागात वन आरके मिळायची मारामार, इथे दोन बेडरूम होत्या. मी मनातल्या मनात टोकन दिलेलंच होतं.

बहीण मात्र बाल्कनीत गेलीच नाही. ती आधी बाथरूममध्ये शिरली. शॉवरच्या जाळीवर पांढरा थर बसला होता, अर्धी भोकं बुजलेली. तिने नखाने थोडा खरवडला. मग नळ सोडून हातावर पाणी घेतलं, बोटं एकमेकांवर घासली आणि एजंटला विचारलं, "खालची टाकी किती लिटरची आहे?"

एजंट म्हणाला, "मॅडम, पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही. टँकर येतो ना रोज."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. सोलापूर शहरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. तिथे वाढलेल्या बाईला घर म्हटलं की पहिल्यांदा टाकी आठवते. तिच्या लेखी "रोज टँकर येतो" हे घराबद्दलचं गाऱ्हाणं होतं, एजंटच्या लेखी खात्री. मी पंधरा वर्षं पुण्यात राहून हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, कारण माझ्या नळाला कधी खंड पडलेला नाही.

खाली आल्यावर ती थेट वॉचमनच्या केबिनशी गेली. टेबलावर टँकरची वही होती. तारीख, गाडी नंबर, वेळ, सही. तिने वॉचमनकाकांना विचारून पानं चाळली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चौदा टँकर. काकांनी सांगितलं की बोअरचं पाणी वापराला, टँकरचंही वापराला, प्यायला सगळे जार घेतात, आणि एप्रिलमध्ये टँकरपायी प्रत्येक फ्लॅटला ७०० रुपये जादा लागले. जाहिरातीतल्या २,००० मेंटेनन्समध्ये हे नव्हतं.

यात त्या सोसायटीचाच दोष आहे असं नाही. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत अकरा गावं आली, त्यात धायरीचा उरलेला भागही होता. २०२१ मध्ये नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी धरून आणखी तेवीस आली. या सगळ्या पट्ट्यात आधी इमारती उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या अजून येताहेत. २०२५ च्या जानेवारीत याच सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा तपासाची सुई पाण्याकडे वळली होती. बहीण नर्स असल्याने तिला ते तपशीलवार माहीत होतं. "आई साठीच्या पुढच्या आहेत, पोरगी दहा वर्षांची. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे मला कोण सांगणार?" एवढं बोलून तिने तो विषय बंद केला.

मी अजून भाड्यातच अडकलो होतो. म्हटलं, चौदा हजार आहे, विचार कर. मग समोरच्या टपरीवर चहा घेताना मेहुण्यांनी भाचीच्या वहीचं मागचं पान फाडलं आणि हिशेब मांडला. धायरीहून भोसरी एमआयडीसी जवळपास २५ किलोमीटर. जाऊन येऊन ५०, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,२५० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देते, पेट्रोल १०४ च्या आसपास. झाले २,९००. बहिणीला शिवाजीनगर १२ किलोमीटर, तिचे १,४००. भाडं १४,०००, मेंटेनन्स २,०००, उन्हाळ्यातला टँकर ७००. बेरीज २१,०००. त्यात मेहुण्यांचे रोजचे अडीच तास रस्त्यावर, तेही सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून आणि पुढे मुंबई–पुणे रस्त्याने.

त्या पानाने आमच्या शोधाची दिशा बदलली. तोवर आम्ही "भाडं किती" विचारत होतो. त्यानंतर प्रत्येक घरासाठी एकच आकडा काढायचा ठरला : या घरात राहिलो तर महिन्याला एकूण किती जातात.

नकाशावर दोन टोकं

दोन नोकऱ्या दोन दिशांना असल्या की घर मध्ये कुठेतरी घ्यावं, हे सगळ्यांना पटतं. पण ते मध्य रस्त्याने काढायचं की वेळेने, इथे माणूस फसतो. शिवाजीनगर आणि भोसरी यांच्या मध्ये मेट्रोची जांभळी मार्गिका आहे, पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून शिवाजीनगरमार्गे स्वारगेटपर्यंत. स्वारगेटपर्यंतचा शेवटचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. बहिणीला या मार्गिकेवरचं कुठलंही स्टेशन चालणार होतं. मेहुण्यांना मेट्रोचा उपयोग नव्हता, कारण एमआयडीसीतला त्यांचा कारखाना स्टेशनपासून दूर आतल्या बाजूला आणि पाळ्या बदलत्या. म्हणजे बहिणीला स्टेशन दहा मिनिटांवर हवं आणि मेहुण्यांना गाडीने अर्ध्या तासाच्या आत कारखाना हवा. नकाशावर ही दोन वर्तुळं काढली तेव्हा दापोडी, सांगवी, पिंपळे गुरव, कासारवाडी एवढाच तुकडा हातात राहिला.

वाकडला एक घर पाहिलं, २२,००० ला. चांगलं होतं. पेट्रोल धरून २५,००० च्या वर गेलं, सोडून दिलं.

जुन्या सांगवीतलं घर मात्र सांगण्यासारखं आहे. तळमजल्यावरचा वन बीएचके, १४,५०० भाडं, मेंटेनन्स त्यातच. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजला म्हणजे देवाने दिल्यासारखा. नुकताच रंग दिलेला, स्वयंपाकघरात नवा ओटा. मेहुणे भिंतीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "दादा, हे प्लग बघा." हॉलमधले, बेडरूममधले सगळे प्लग-पॉइंट छातीच्या उंचीवर होते. मोबाईल चार्जिंगला लावायचा तर वायर लोंबकळणार. फ्रिजचा पॉइंटसुद्धा वरच. इतक्या वर प्लग कोणी हौसेने बसवत नाही.

शेजारच्या मावशींना विचारलं. त्यांनी दारातूनच हात मांडीच्या वर नेऊन पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. २५ जुलै २०२४ ला पुण्यात नद्यांना पूर आला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. जुनी सांगवी मुळा-पवनेच्या काठाला आहे आणि तिथल्या सखल गल्ल्यांना पूर नवा नाही. नदीकाठच्या शहरांत पाटबंधारे खातं दोन पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकास आराखड्याच्या नकाशावर त्या दिसतात. भाड्याने घर घेणारा माणूस आराखडा उघडून बसत नाही, हे मला मान्य आहे. पण नदी चालत जायच्या अंतरावर असेल तर दोन शेजाऱ्यांना "मागच्या पावसाळ्यात काय झालं?" एवढं विचारावंच. घरमालकाने आम्हाला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याने निदान सांगायला हवं होतं. म्हातारं माणूस त्या खोलीत झोपणार होतं.

"आडनाव काय?"

या चार आठवड्यांतला जो भाग मला अजून सलतो तो लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. पिंपळे सौदागरला एका घराची सगळी बोलणी फोनवर झाली होती. आकडा बसत होता. आम्ही दारात पोचलो, घरमालकीणबाईंनी पाणी दिलं, आणि मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" बहिणीने सांगितलं. बाई क्षणभर थांबल्या. "नॉनव्हेज करता का घरात?" बहीण म्हणाली, "रविवारी करतो." "मग नाही जमायचं, आमच्याकडे देव आहेत."

देव बहिणीच्याही घरात आहेत. ती काही न बोलता उठली. जिना उतरताना भाचीने विचारलं, "आई, त्या काकूंनी आपलं नाव का विचारलं?" बहिणीने तिच्या वेणीची रिबीन उगाचच पुन्हा बांधली आणि "सगळे विचारतात गं" म्हणाली.

सतरा घरांपैकी चार ठिकाणी असा प्रश्न आला, कुठे उघड, कुठे आडून. घर भाड्याने देताना खाणंपिणं आणि आडनाव बघणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि शिकलेल्या वस्तीत ती कमी होते हा माझा समज या महिन्यात पुसला गेला. यावर हाताशी कायद्याचा सोपा उपाय नसतो. आम्ही एवढंच केलं की त्यानंतर पहिल्या फोनवरच "आम्ही चौघं आहोत, घरात नॉनव्हेज होतं, चालेल का?" असं स्वतःहून विचारायला लागलो. फेऱ्या वाचल्या आणि भाचीसमोर पुन्हा तो प्रसंग आला नाही. तिच्यासाठी तेवढं करणं आम्हाला गरजेचं वाटलं.

फसवणुकीचाही एक अनुभव याच चार आठवड्यांतला. ऑनलाइन जाहिरातीत औंधचा टू बीएचके १३,००० ला होता, फोटो झकास. फोन केला तर समोरचा म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली, घर बघायला गेटपास लागेल, आधी थोडी रक्कम भरा, लगेच परत मिळेल, क्यूआर कोड पाठवतो. मेहुणे कोड स्कॅन करायच्या बेतात होते, मी फोन काढून घेतला. सैनिकाच्या नावाने चालणारी ही युक्ती आता जुनी झाली, पण बाहेरगावच्या, घाईत असलेल्या माणसाला ती अजून लागू पडते. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. आणि घराचं दार उघडून आत पाय ठेवल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नसतो.

पिंपळे गुरव

शेवटी घर ॲपवर मिळालं नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी मी आणि मेहुणे पिंपळे गुरवच्या गल्ल्यांतून पायी फिरलो. किराणा दुकानं, इस्त्रीवाले, पिठाची गिरणी. "कुठे खोली रिकामी होतेय का?" एवढाच प्रश्न. इस्त्रीवाल्याला परिसरातलं सगळं ठाऊक असतं, कारण कपडे देणारं घर हलणार असेल तर शेवटचा हिशेब त्याच्याकडे होतो. त्याने एका चार मजली इमारतीकडे बोट दाखवलं. दुसरा मजला, वन बीएचके, भाडेकरू महिनाअखेर सोडणार.

आधीचे भाडेकरू खोकी बांधत होते. नवरा-बायको आणि एक लहान बाळ, गावाकडे परत निघालेले. घरमालक यायच्या आत आम्हाला त्यांच्याशी वीस मिनिटं बोलता आलं. या घराबद्दल ती वीस मिनिटं सगळ्यात मोलाची ठरली. सोडून जाणाऱ्या माणसाला लपवण्यासारखं काही राहिलेलं नसतं. त्या ताईंनी आपणहून सांगितलं : सकाळी सहा ते नऊ पाण्याचा जोर चांगला, दुपारी कमी. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते, तिथे लाकडी कपाट लावू नका. वरच्या मजल्यावर रात्री शिलाई मशीन चालतं, अकराला बंद होतं. घरमालककाका तऱ्हेवाईक नाहीत, पण भाडं पाच तारखेच्या पुढे गेलं की फोन करतात.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिका दिवसाआड पाणी सोडते. पुणेकराला हे ऐकून धसका बसतो. बहीण व्हिडिओ कॉलवर होती, ती म्हणाली, "दिवसाआड? दादा, आमच्याकडून बघ, ही चैन आहे. फक्त टाकी विचार."

टाकी विचारली. सोळा फ्लॅट, खाली २०,००० लिटर, गच्चीवर १०,०००. शहरी पाणीपुरवठ्याचा नियोजनाचा मापदंड माणशी रोज १३५ लिटर आहे. सोळा घरं, घरी चार माणसं धरली तर चौसष्ट जण, रोज ८,६४० लिटर, दोन दिवसांचे १७,२८०. टाक्या ३०,००० च्या. पुरतं आणि वर उरतं. वॉचमनला विचारलं, या उन्हाळ्यात टँकर किती आले? "दोन. ते पण मोटार जळाली होती म्हणून."

घरमालककाका आले. भाडं १७,५०० म्हणाले, मेंटेनन्स धरून. लिफ्ट नाही, इमारत वीस वर्षांची. आम्ही १६,००० म्हटलं. १६,५०० वर जमलं, डिपॉझिट ५०,०००. एजंट मध्ये नसल्याने दलालीचं एक महिन्याचं भाडं वाचलं, ते आम्ही काकांना मोकळेपणाने सांगितलं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते हजाराने खाली आले, कारण त्यांचीही दलाली वाचत होती.

मेहुण्यांनी पुन्हा पान काढलं. भाडं १६,५००. भोसरी ९ किलोमीटर, महिन्याचं पेट्रोल १,०५० च्या आत. बहिणीला दापोडी स्टेशनपर्यंत पूल ओलांडून गाडी, पुढे मेट्रो, सगळं मिळून १,४००. बेरीज १८,९५०. भाडं धायरीपेक्षा अडीच हजारांनी जास्त, खर्च दोन हजारांनी कमी. मेहुण्यांचे रोजचे दीड तास परत मिळाले ते वेगळेच.

एक खोली गेली, हे खरं. दोन बेडरूमऐवजी एक. भाची आणि आजी हॉलमध्ये झोपतात. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढणं सासूबाईंना जड जातं, त्या दिवसातून एकदाच उतरतात. आकडा कितीही चांगला बसला तरी हे गमावलेलंच आहे आणि बहिणीने ते माहीत असूनच हे घर घेतलेलं आहे.

२०२५ चा मे पुण्यात पावसानेच संपला, मान्सून त्या वर्षी लवकर आला. आम्ही टोकन दिल्यानंतर दोन दिवस धो धो पडला आणि मी मुद्दाम तिसऱ्या दिवशी घर पुन्हा पाहिलं. बाथरूमच्या बाहेरची भिंत खरंच हातभर ओली होती, रंगाचे पापुद्रे उचललेले. फोटो काढून काकांना पाठवले. ॲग्रीमेंटच्या आधी त्यांनी बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पाऊस आला नसता तर ताईंचं सांगणं एवढाच पुरावा राहिला असता.

कागद

काका म्हणाले, "अकरा महिन्यांचं नोटरी करून टाकू, पाचशेच्या स्टॅम्पवर. सगळे तसंच करतात." इथे मी ऐकलं नाही.

अकरा महिन्यांची पद्धत पडली ती केंद्राच्या नोंदणी कायद्यामुळे, त्यात एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा वेगळं सांगतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने घेताना आपण करतो तो करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला आणि नोंदणी नसली तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं.

मी काकांना दंडाची भीती घातली नाही. त्यांना कलम २४ सांगितलं. करार नीट केलेला असेल आणि मुदत संपून भाडेकरू उठला नाही, तर घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो, आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट भाड्याने भरपाई मिळू शकते. "काका, नोटरीचा कागद तुमच्याच उपयोगाचा नाही." ते लगेच तयार झाले. घरमालक नोंदणीला कां-कूं करतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

खर्चाची भीतीही नेहमीच्या गप्पांतून मोठी झालेली आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का असतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. अकरा महिन्यांचा करार केला असता तर मुद्रांक पाचशेच्या घरात आणि दर खेपेला नोंदणीचे हजार. आम्ही चोवीस महिन्यांचा केला, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ लिहून. मुद्रांक हजार-अकराशेच्या घरात, नोंदणी एकदाच. दोनदा अकरा महिने करण्यापेक्षा हे स्वस्त पडलं आणि दोन वर्षं भाचीची शाळा बदलायची चिंता मिटली. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी आला, आधार पडताळणी झाली, त्याचे वेगळे पैसे दिले. नोंदणी कार्यालयात कोणालाच जावं लागलं नाही.

मसुदा मात्र शब्दन् शब्द वाचला. मशीनवाल्याने त्याचा ठरलेला नमुना आणला होता. त्यात "घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जाईल" असं होतं. काकांनी कधी मागितलंच नव्हतं, नमुन्यातून आपोआप आलं होतं. ते काढलं. त्याजागी "नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून झालेलं नुकसान" असं घातलं. नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना ठेवली. डिपॉझिट किल्ली दिल्याच्या दिवशी परत, हेही लिहून घेतलं. दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेता येत नाही असं कुणी सांगतं, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. तो एक नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्याच्या भरवशावर भांडू नये, जे हवं ते करारात लिहून घ्यावं.

भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल आणि जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असेल तर कंपनी घरमालकाचा पॅन मागते. तो आम्ही तेव्हाच करारात घेतला, नंतर मागायला अवघड जातं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचं काम काकांनी ऑनलाइन केलं, त्याची पावती बहिणीकडे आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी "भाडेकरू चार्ज" म्हणून महिन्याला १,००० रुपये सांगितले. गृहनिर्माण संस्थेला भाड्याने दिलेल्या घरावर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) घेता येतं, पण १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसतं, तेही महापालिकेचे कर वगळून, आणि ते सभासदाने म्हणजे घरमालकाने भरायचं. काकांनी स्वतः जाऊन ते बोलून घेतलं. आकडा ११० वर आला.

किल्ली घेतली त्या दिवशी मेहुण्यांनी आधी विजेच्या मीटरचा फोटो काढला, मग ग्राहक क्रमांक टाकून महावितरणची थकबाकी पाहिली. आधीचं बिल १,१४० रुपये बाकी निघालं, ते काकांनी भरलं. प्रत्येक खोलीचा, नळाचा, खिडकीच्या फुटक्या काचेचा व्हिडिओ केला आणि काकांच्याच नंबरवर पाठवून ठेवला. तारखेसकट तो दोघांच्याही फोनमध्ये आहे.

सामान ३० मे ला आलं. टेम्पोतून सगळ्यात आधी सासूबाईंची दोन निळी पिंपं उतरली, दोनशे लिटरची, सोलापूरची. बहिणीने फोनवर सांगितलं होतं की टाकी आहे, पिंपं आणू नका. त्यांनी आणली. पहिल्या आठवड्यात त्या रोज पहाटे उठून दोन्ही भरत, आणि कॅलेंडरवर पाणी आलेल्या दिवशी लाल टिंब देत. पंधरा दिवसांनी टिंबं देणं थांबलं. एक पिंप धुऊन, पालथं घालून माळ्यावर ठेवायला लावलं. दुसरं अजून बाथरूमच्या कोपऱ्यात आहे, भरलेलं, झाकण लावून.